रंग भिंतीचा, वारस घराचे

वऱ्हाडातल्या माणसाचे आणि समुद्राचे नाते मोठे गमतीचे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आमच्या अमरावती-अकोल्याच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मग कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे आणि तिथून थेट विलायतेला जाऊ लागल्या. म्हणजे आमच्या कापसाने समुद्र केव्हाच पाहिला. तो पिकवणाऱ्याच्या घरातल्या माणसांनी पाहिला तो मात्र तीन-चार पिढ्यांनंतर, कुणाच्या नोकरीच्या निमित्ताने, नाहीतर लग्नानंतरच्या सहलीत.

आता दिवस बदलले आहेत. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून गोवा आपल्याला जवळचा झाला. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोल्याच्या, अमरावतीच्या कितीतरी घरांना कुलपे असतात आणि माणसे कळंगुटच्या वाळूत असतात. पण गोव्याहून आलेल्या दहा कुटुंबांना विचारून पाहा, काय पाहिले? दोन किनारे, मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली दोन चर्चेस आणि काजूची पाकिटे. पणजी? पणजी त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिलेली असते. राजधानीचे गाव, तिथे काय पाहायचे, असा एकूण हिशेब.

या गावाला पूर्ण एक दिवस द्यावा, असे माझे सांगणे आहे. तो का द्यावा, याचे एक कारण डोळ्यांना दिसते आणि एक दिसत नाही. न दिसणारे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याचा संबंध आपल्या वऱ्हाडातल्या घरांशी आहे. पण आधी दिसणाऱ्याकडे वळू.

करमळी स्थानकावर उतरले की पणजी दहा-बारा किलोमीटर. जुन्या गोव्यावरून रायबंदरमार्गे जाणारा रस्ता मांडवीच्या कडेने जातो. त्यातला रायबंदर ते पणजी हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध १६३३-३४ साली, कोंद द लिन्यारेस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत दलदलीतून घातला गेला. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरांची सपाट, चकाकणारी जमीन. जवळजवळ चारशे वर्षांच्या या रस्त्यावरून आजही वाहने जातात. रस्त्याला दर पावसाळ्यानंतर ठिगळे लावण्याची सवय असलेल्या आम्हा मंडळींना एवढ्यानेच अर्धे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. आम्ही म्हणजे चौघे. आम्ही दोघे, आणि अकोल्याचे आमचे एक जुने मित्र व त्यांच्या सौभाग्यवती. चौघेही निवृत्त, चौघांचेही गुडघे थोडे कुरकुरणारे.

पणजीची घडण समजली तर तिथले फिरणे सोपे जाते. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, पण त्यांची राजधानी होती आताच्या जुन्या गोव्यात. साथीच्या रोगांनी ते शहर पोखरले. १७५९ साली व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या नदीकाठी, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला. पुढे दोम मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या राज्यकर्त्याने १८२७ ते १८३५ या काळात दलदल भरून काढली, रस्ते आखले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. समोर नदी आणि तिच्या मुखाशी समुद्र, पाठीशी आल्तिन्यो नावाची टेकडी, पूर्वेला ओरेंची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव मावेना, म्हणून ते टेकडीच्या अंगावर चढले. बंदराच्या गावांचे बहुधा असेच होते. पोट पाण्याशी बांधलेले आणि घरे उतारावर.

त्या काळी पणजीच्या धक्क्याला गलबते लागत. पुढे कितीतरी वर्षे, १९८० च्या दशकापर्यंत, मुंबईहून आगबोट येत असे. पहाटे मांडवीच्या मुखातून बोट आत शिरताना पणजी कशी दिसे, याचे वर्णन करणारी वडीलधारी माणसे मुंबईत अजून भेटतात. आज त्याच पात्रात कॅसिनोची दिवे लावलेली जहाजे उभी असतात. असो.

धक्क्याजवळच आदिलशहाचा वाडा आहे. २००० साली विधानसभा पर्वरीला गेली, तोवर ती इथे भरत असे. वाड्याशेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला एक पाद्री हात पुढे करून उभा आणि समोर कोसळू पाहणारी एक स्त्री. पुतळ्यापाशी लहान मुले हमखास विचारतात, हा तिला मारतोय का? तर नाही. हे आबे फारिया. १७५६ साली गोव्यात कांदोळीला जन्मलेले आणि पुढे पॅरिसमध्ये गाजलेले. संमोहनाची झोप लावणाऱ्याच्या अंगच्या शक्तीने येत नाही, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनाने येते, हे त्यांनी मांडले. अलेक्झांडर द्युमाच्या ‘द काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ या कादंबरीतला कैदी पाद्री त्यांच्याच नावाचा आहे. हा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवला. तो १९४५ साली उभा राहिला.

तिथून पाच-दहा मिनिटांवर ते प्रसिद्ध पांढरे चर्च, ज्याच्या नागमोडी पायऱ्या सिनेमात पाहून आपल्याला पाठ आहेत. १५४१ च्या सुमारास इथे लहानसे प्रार्थनामंदिर होते, आजची वास्तू १६१९ ची. लिस्बनहून महिनोन्‌महिने प्रवास करून आलेले खलाशी जमिनीला पाय लागले की आधी इथे येऊन देवाचे आभार मानत. वरची प्रचंड घंटा जुन्या गोव्यातल्या मोडकळीला आलेल्या ऑगस्टिनियन मठातून आणलेली. पायऱ्या चढून वळून पाहिले की कौलांची उतरंड आणि पलीकडे पाण्याची रेघ दिसते. गुडघ्यांना विचारून चढावे, पण चढावे.

आणि मग फोंतेन्यास. या शब्दाचा अर्थ छोटे झरे. टेकडीच्या पायथ्याशी मळ्याच्या बाजूला जांभ्यात बांधलेला जुना झरा आहे, फोंत फेनिक्स. गावाला पाणी पुरवणाऱ्या अशा झऱ्यांवरून या वस्तीला नाव पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे नारळाची बाग होती. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आंतोनियो जोआंव द सिकेरा या गोमंतकीयाची. बागेची वस्ती झाली. टेकडी आणि खाडी यांच्या मधोमध दोन-तीन अरुंद गल्ल्या आणि त्यांना छेदणाऱ्या पायऱ्या, एवढाच तिचा पसारा.

पण त्या गल्लीत शिरताच आमच्या मित्राच्या सौभाग्यवती जागच्या जागी थांबल्या आणि म्हणाल्या, “अवो, ही तं पुरी गल्लीच लग्नाले निघाल्यावानी दिसते!”

याहून चांगले वर्णन मला सुचलेले नाही. गडद निळे घर, त्याला पांढरी किनार. त्याला खेटून हळदी पिवळे, पुढे तांबडे, पुढे पिकल्या पेरूच्या गरासारखे गुलाबी. कौलारू छपरे, लोखंडी नक्षीचे सज्जे, सज्ज्यावर वेल. काही खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने, ज्यातून ऊन गाळून आत येते. दारावर घराचे नाव निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीवर रंगवलेले. त्या फरशीला आझुलेजु म्हणतात. गल्लीच्या टोकाला सेंट सेबास्टियनचे लहानसे चर्च. त्यातला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नाहीत, उघडे आहेत. त्या वाड्यात ज्यांना त्याच्यासमोर उभे केले असेल, त्यांनी त्या डोळ्यांत काय पाहिले असेल, असे मनात येऊन जाते.

एक खुलासा करायला हवा. ही वस्ती युनेस्कोच्या यादीत आहे असे गाइड मंडळी बेधडक सांगतात. १९८६ साली त्या यादीत गेली ती जुन्या गोव्यातली चर्चेस आणि मठ. फोंतेन्यासला तशा शिक्क्याची गरजही नाही.

हे रंग आले कुठून? पोर्तुगीज अमलात दर पावसाळ्यानंतर घर रंगवणे सक्तीचे होते आणि पांढरा रंग फक्त चर्चसाठी राखलेला होता, असे सांगतात. नियम कागदावर किती होता आणि रिवाजात किती, हे बाजूला ठेवले तरी त्यामागे व्यवहाराचे कारण पक्के आहे. पणजीत वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या अकोल्यात त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. इथली घरे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो. त्यावर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग दिला तर भिंत ओली होते आणि सुकतेही. चुन्यात नीळ मिसळली की निळा, पिवळी माती मिसळली की पिवळा, काव मिसळली की तांबडा. हा रंग एका पावसाळ्यात उतरतो, म्हणून तो पुन्हा द्यावा लागतो. सिमेंटचा गिलावा करून वर प्लॅस्टिकचा रंग चढवला तर वर्ष-दोन वर्षे सुख वाटते, पण आत कोंडलेली ओल भिंत खाऊन टाकते.

म्हणजे रंग ही इथे हौस नव्हती, ती घराची वार्षिक देखभाल होती. आपल्याकडेही हेच होते. दिवाळीच्या आधी आमच्या आया-आज्या पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या, चुन्यात चिमूटभर नीळ टाकून ओसरी उजळायच्या. त्या दोन दिवसांत घराची तपासणी होऊन जायची. कुठे वाळवी लागली, कुठे धाब्यातून पाणी मुरले, कुठला खांब खालून सडला, सगळे कळायचे. आपण ऑइलपेंट आणला आणि ती तपासणी बंद झाली.

दुपारच्या उन्हात एका घराच्या पुढच्या सोप्यात एक वृद्ध बाई बसल्या होत्या. सज्ज्याखालच्या अशा बसण्याच्या जागेला तिथे बाल्कांव म्हणतात. आमच्या सौभाग्यवतींनी घराचे कौतुक केले, तशी त्यांनी आम्हाला सावलीत बसायला सांगितले. पाणी आले. त्यांची कोंकणी आणि आमची वऱ्हाडी यांचे पाच मिनिटांत छान जमले. गेल्या महिन्यातच रंग दिला, खर्च किती येतो, आता चुन्याचे काम जाणणारे गवंडी कसे मिळत नाहीत, हे सगळे त्यांनी सांगितले. मी म्हटले, एवढे मोठे घर आपण एकट्या सांभाळता? त्या हसल्या आणि म्हणाल्या, “घर म्हजें न्हय, आमचें सगळ्यांचें.” मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. एक भाऊ लिस्बनला, त्याची मुले इंग्लंडात, एक बहीण मुंबईला, मृत भावाची मुले आणखी कुठे. एकूण अकरा वारस. राहतात त्या एकट्या.

माझ्यातला बँकेचा अधिकारी निवृत्तीनंतर शांत झोपलेला असतो. ‘अकरा वारस’ म्हटल्याबरोबर तो उठून बसला.

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावरही कुटुंबविषयक बाबतींत तो सर्व धर्मीयांसाठी चालू राहिला. वारसाहक्काचा भाग नंतर नव्याने लिहिला गेला. तो २०१२ चा कायदा २०१६ मध्ये अमलात आला. मूळ तत्त्वे मात्र तीच आहेत. वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र होते, निम्मी त्याची, निम्मी तिची. मुलगा-मुलगी सारखेच वारस. बापाने कितीही रागावून मृत्युपत्र केले तरी निम्मी इस्टेट मुलांसाठी राखीवच राहते. आपल्याकडे मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली दिला. तिथे मुलीचा वारसा १८७० पासून कागदावर आहे. व्यवहारात सगळ्याच बहिणींना तो मिळतो असे नाही, पण कागदावर असणे ही लहान गोष्ट नव्हे.

या न्यायाची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक पिढीत वारस वाढत जातात आणि घर तेवढेच राहते. त्यात १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळू शकते, त्यामुळे माणसे परदेशी गेली. एकाची सही लिस्बनला, दुसऱ्याची लंडनला. विकायचे तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, दुरुस्तीचा खर्च मात्र राहील त्याने करायचा. फोंतेन्यासमध्ये काही घरे झळाळतात आणि त्यांच्या शेजारीच एखादे घर झाडांच्या मुळांनी फोडलेले, दाराला गंजके कुलूप, असे का दिसते, त्याचे हेच एक मोठे कारण.

आता वऱ्हाडात या. अमरावतीच्या परकोटाच्या आत, जवाहर गेट, अंबा गेट, खोलापुरी गेटच्या आसपासच्या गल्ल्या आठवा. अकोल्याच्या जुन्या शहरात, असदगडच्या सावलीतले वाडे आठवा. पांढरीच्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, कोरीव दारे. बँकेत असताना अशा वाड्यांवर दुरुस्तीसाठी कर्ज मागायला आलेली कितीतरी माणसे माझ्या टेबलासमोर बसून गेली. कागद पाहिले की प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचे नाव, तेही कधीच वारलेले. वारसनोंद नाही. चुलत भाऊ पुण्याला, आत्यांचे कुणी विचारलेलेच नाही. आणि व्हॅल्युअरचा अहवाल उघडला की जमिनीला लाखांची किंमत आणि वर उभ्या असलेल्या वाड्याला भंगाराचा भाव, कारण बांधकामाचे वय झाले. कागदाच्या हिशेबाने तो वाडा उभा असण्यापेक्षा पडलेला बरा. त्यामुळे वाडा पाडून संकुल बांधायला बिल्डर मिळे, त्याला कर्जही मिळे. छप्पर शाकारायला मात्र कुणाकडेच पैसे नसत. आणि सागवानी खांब? ते विकले जातात आणि कुठल्यातरी दूरच्या हॉटेलात ‘पारंपरिक सजावट’ म्हणून उभे राहतात.

फोंतेन्यासला संरक्षित वस्तीचा दर्जा आहे, म्हणून तिथे घर सहजासहजी पाडता येत नाही. हे चांगलेच. पण नियम भिंत राखतो, घरातली माणसे राखत नाही. कित्येक घरांची हॉटेले, कॅफे, दुकाने झाली. त्यातून रंगाचा खर्च निघतो, हेही खरे आहे. रोज सकाळपासून त्या गल्लीत लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी येतात, लोकांच्या पायऱ्यांवर बसतात, दाराला टेकतात, खिडकीत डोकावतात. आत कुणी आजारी आहे, कुणाची परीक्षा आहे, याची त्यांना कल्पना नसते. रहिवाशांनी ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लावल्या आहेत. आपल्या वाड्याच्या ओसरीवर परकी माणसे येऊन अशी पोझ देऊन उभी राहिली असती, तर आपल्या आजोबांनी काय केले असते ते आठवावे. तेव्हा तिथे जाल तेव्हा गल्ली पाहा, घराचा फोटो हवा तर माणसाला विचारा आणि आवाज खाली ठेवा. विचारले की बहुतेक वेळा हो म्हणतात. निघताना ‘देव बरें करूं’ म्हणायला विसरू नका.

दुपारी पाव आणि पातळ भाजी खाऊन आम्ही आल्तिन्यो चढलो. वाटेत, उताराच्या अंगावर मळ्याचा मारुती लागतो. वर आर्चबिशपचा वाडा, मोठी झाडे आणि शांतता. खाली फोंतेन्यासची कौले, खाडी आणि पलीकडे नवे पणजी. संध्याकाळी धक्क्यावर येऊन पलीकडे बेतीला जाणारी फेरीबोट घ्यावी. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. १९७० साली मांडवीवर पूल झाला तोवर हाच रस्ता होता. तो पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा पुन्हा या फेरीबोटींनीच दोन्ही काठ जोडून ठेवले. पाण्यातून मागे पाहिले की कौलांवरून वर उठलेले पांढरे चर्च आणि त्यामागची हिरवी टेकडी दिसते. रंगीत गल्ल्या इथून दिसत नाहीत, त्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला राहतात. ज्याला पाहायच्या असतील त्याने उतरून चालत जावे.

त्या गल्लीतला प्रत्येक ताजा रंग सांगतो की या घराची जबाबदारी या वर्षी कुणीतरी घेतली. अकरा वारसांपैकी एकाने का होईना, पण घेतली. आपल्याकडे घरे पडतात ती पावसाने कमी आणि न बोलल्याने जास्त. भावाशी बोलायचे नाही, बहिणीला विचारायचे नाही, कुणी विचारलेच तर हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन तिला साडीचोळी द्यायची आणि कागद तसाच ठेवायचा.

येत्या दिवाळीला भाऊबंद गावी जमतील. फराळ होईल, पत्ते रंगतील. त्यात एक दुपार काढा. प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आणून मधोमध ठेवा. गेलेल्यांची नावे कमी करून हयात वारसांची नावे लावण्याचा अर्ज त्याच बैठकीत भरा. बहिणींची नावे वगळू नका. घर कोण सांभाळणार आणि त्याचा वर्षाचा खर्च कोण किती देणार, ते लिहून काढा. ठेवायचे नाही असे ठरले, तर तेही सगळ्यांनी मिळून ठरवा. ठेवायचे ठरले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चुना भिजवा, त्यात थोडी नीळ टाका आणि निदान ओसरीची एक भिंत पोरांच्या हातून रंगवून घ्या.